जर्मनीला कळवलेली तारीख

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातली आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग निर्यात करते. तिथं जर्मन गिऱ्हाइकं एक काका सांभाळायचे. जर्मनीला फोन लावताना ते कोट चढवून उभे राहत. मी हसलो की म्हणत, "हस लेका. ढिलेपणा आवाजात कळतो त्यांना." माल पोचायची तारीख कळवण्याआधी ते स्वतः गोदामात जाऊन पेट्या बघून येत.

एकदा ते जेवायला गेले असताना त्यांच्याच कॉम्प्युटरवरून मी अंदाजानं तारीख कळवून टाकली. माल उशिरा पोचला, गिऱ्हाईक तुटलं. मालकानं आम्हा दोघांना बोलावलं. माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीमार्फत चालू होता; नोकरी गेली असती तर तोही गेला असता. मी म्हणालो, "काकांनीच कळवली असेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मेल माझ्या नावानं गेलीय खरी," एवढंच म्हणाले. त्यांची नोकरी गेली.

त्या संध्याकाळीही नेहमीसारखं त्यांनीच मला गाडीतून घरी सोडलं. "बेल्ट लाव," म्हणाले आणि गाडी सुरू केली.

मालकाला खरं सांगणं आणि काकांची माफी मागणं, दोन्ही माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.