मागे कोण बसतं

गेल्या फेब्रुवारीत, पत्नीच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता आमच्या इमारतीतले टायरवाले काका स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवे झाले आणि मला म्हणाले, "चालव. हॉस्पिटलच्या रस्त्याने."

कसबा पेठेच्या नदीकडच्या टोकाला त्यांचं टायरचं दुकान होतं. असे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील, गिऱ्हाईक आलं तरी खुर्चीवरून न उठणारे. हे उठायचे, पण थेट गिऱ्हाइकाच्या गाडीत मागे जाऊन बसायचे. न विचारता. मग काच खाली करून म्हणायचे, "एक चक्कर मारा." रस्ता ते निवडत, आणि तो चांगला नसे. परत येईपर्यंत डोळे मिटलेले असत. टायरचं बोलणं त्यानंतर सुरू व्हायचं.

दुकानाच्या भिंतीवर हाताने रंगवलेली पाटी होती: ‘टायर निवडण्यापूर्वी मागे कोण बसते ते सांगावे.’

एकदा एक आयटीतला मुलगा मोठ्या रिमचे, पातळ टायर मागायला आला. मी तेव्हा तिथेच होते.

"काका, लूक पाहिजे."

"लूक रस्त्यावरच्यांना दिसतो. आपण तर आत असणार. मागे कोण बसतं?"

"आई. कधीतरी."

"मग आईंना घेऊन या."

"अहो, तिला टायरमधलं काय कळतं?"

"तुम्हाला तरी कुठे कळतंय?"

तो पुढच्या रविवारी आईला घेऊन आला. बाई मागे बसून चक्कर मारून आल्या आणि त्यांनी जाड टायर निवडले. मुलगा तोंड पाडून उभा होता. काकांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

त्यांचं सांगणं साधं होतं. लोखंडी रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची जितकी जास्त, तितका खड्डा रबरात जिरतो. ते टायरच्या बाजूवर अंगठा दाबून दाखवत. "हे दबलं, तर माणूस वाचला."

दोन वर्षांपूर्वी काकूंचा आजार मणक्यात उतरला. दर आठवड्याला हॉस्पिटलला न्यावं लागे. डॉक्टरांनी बसायला मनाई केली होती, म्हणून त्या मागच्या सीटवर आडव्या होऊन जात. वाटेत सोळा स्पीडब्रेकर होते. काकांनी ते मोजले होते आणि प्रत्येकाच्या आधी ते मागे न बघता म्हणत, "आला." काकू दात आवळून धरत.

गेल्या वर्षीच्या जुलैत काकांनी आठ दिवस दुकान जवळजवळ बंद ठेवलं आणि स्वतःच्या गाडीवर काम केलं. एक इंचाने लहान रिम बसवले, त्यावर उंच बाजूचे टायर चढवले. चाक बाहेरून तेवढंच, आत लोखंड कमी आणि रबर जास्त. हवा रोज कमी-जास्त करून पाहिली. मग मला बोलावलं, गाडी चालवायला लावली आणि स्वतः मागे बसले, डोळे मिटून. सोळाच्या सोळा स्पीडब्रेकर झाल्यावर म्हणाले, "झालं काम."

ते बसले होते. काकू आडव्या जायच्या. हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

त्यानंतर प्रत्येक फेरीनंतर ते गाडीचं दार उघडून एकच शब्द विचारत. "धक्का?"

"नाही," काकू सांगत. ते खरं होतं.

सप्टेंबरात एकदा मी सोबत गेले. काकूंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. स्पीडब्रेकर आले आणि गेले, काही जाणवलं नाही. पुलावरून उतरून गाडी डावीकडे वळली, तेव्हा ती उंच टायरांवर एका अंगाला झुकली, मग सावरली, मग दुसऱ्या अंगाला झुकली. बसलेल्या माणसाला त्याचं काही वाटलं नसतं. काकूंचं अख्खं शरीर सीटवर इकडून तिकडे गेलं. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की नखांचे वळ उठले.

हॉस्पिटलात काका औषधांच्या खिडकीपाशी गेले तेव्हा मी काकूंना विचारलं.

"धक्का एकदा बसतो आणि संपतो गं," त्या म्हणाल्या. "हे डुलणं घरी गेल्यावरही अंगात राहतं."

"मग सांगा ना त्यांना."

"आठ दिवस खपलेत ते. माझ्या आजारात त्यांच्या हातात तेवढंच होतं. तूही सांगू नकोस."

त्या संध्याकाळी जिन्यात काकांनी मला थांबवलं. "तू मागे होतीस. ती माझ्यासाठी बरं म्हणत असेल. तू खरं सांग. धक्का?"

"धक्का नाही," मी म्हणाले.

ते हसले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. वय एकाहत्तर.

काकू जानेवारीअखेर गेल्या. तोपर्यंत दर आठवड्याची फेरी त्याच टायरांवर झाली.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी सवयीच्या वेगाने चालवत होते. पूल उतरून वळले. आरशात त्यांचा हात दाराच्या मुठीकडे गेलेला दिसला. मूठ हाती लागली नाही.

"परत फिरव," ते म्हणाले.

त्या वळणावरून आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. ते उठून बसले नाहीत. छताकडे बघत विचारलं, "हे तिला व्हायचं?"

"हो."

"टायर बदलल्यापासून?"

"हो."

"आणि तुला कधीपासून माहीत होतं?"

"सप्टेंबरपासून."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मी धक्काच विचारत राहिलो." आणि थोड्या वेळाने, "चल, घरी चल. हळू वळव."

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या पार्किंगमध्ये विटांवर उभी होती. चारही चाकं काढलेली होती. जिन्यात भेटलो की ते माझ्याशी बोलत, पूर्वीसारखंच, पण थांबत नसत.

जूनपासून दुकान बंद आहे. काका मुलीकडे नागपूरला असतात. पाटी अजून भिंतीवर आहे. पहिल्या ओळीखाली वेगळ्या रंगात दुसरी ओळ आहे, त्यांच्याच हाताची: ‘बसते की आडवे होते, तेही सांगावे.’