न निघणारं मॅग्नेट

मिस्त्रीने माझी गाडी आठ दिवस ठेवून घेतली आणि नवव्या दिवशी टेम्पोत घालून परत पाठवली. फोनवर म्हणाला, "बाबा, मॅग्नेट निघत न्हाई. जाम झालंय. जोर लावला तर क्रँक जाईल. आता भंगारात द्या, लई चालवली तुमी." भंगारात तू जा, असं मी मनात म्हणालो आणि फोन ठेवला.

ही मोटरसायकल माझी हौस नाही, माझं काम आहे. लोणीपासून पार बोरी बुद्रुकपर्यंतच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी मी चाळीस वर्षं नवी तार गुंडाळून भरत आलोय. मी सत्तरीचा झालो म्हणून मोटारी जळायच्या थांबत नाहीत. गेल्या पावसाळ्यात कालव्याच्या पुलावर गाडी घसरली, कोपराला चार टाके पडले, आणि तेव्हापासून गाडीचा विषय निघाला की घरातल्यांचे आवाज एकदम गोड होतात. मुलगा चाकणला कंपनीत आहे. तो म्हणतो, "आण्णा, आता एसटीनं फिरा." एसटी विहिरीपर्यंत जाते का, असं विचारलं की त्याला राग येतो.

गाडीचं दुखणं तसं लहानच होतं. मॅग्नेट म्हणजे इंजिनाच्या डाव्या अंगाला, क्रँकच्या दांड्यावर फिरणारं चुंबकाचं जड चाक. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची कॉइल असते. चाक फिरलं की करंट तयार होतो. माझ्या गाडीची ती कॉइल जळली होती. कॉइल भरणं माझ्या डाव्या हातचा मळ, पण त्यासाठी वरचं चाक आधी निघायला हवं.

गाडी अंगणात लावली, डावं कव्हर खोलायला बसलो आणि हात थांबला. कव्हरच्या एकूणएक स्क्रूच्या खाचेत वाळलेला चिखल जसाच्या तसा होता. म्हणजे आठ दिवसांत मिस्त्रीने कव्हरसुद्धा उघडलं नव्हतं. न बघताच निघत नाही म्हणाला होता! मला इतका राग आला की मी स्क्रू ड्रायव्हर जमिनीवर आपटला.

मुलाला फोन लावला. "मिस्त्रीला तूच शिकवलंस ना?"

"न्हाई आण्णा, शपथ. मी त्याच्याशी बोललो पण न्हाई."

माझा विश्वास बसला नाही. कंपनीत लागल्यापासून तो असाच गुळगुळीत बोलतो. मी म्हणालो, "तुझ्या नाकावर टिच्चून चालवीन," आणि कामाला लागलो.

चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबला की मागचं चाक, चेन, इंजिन सगळं एकमेकांना धरून ठेवतं, मग मॅग्नेटचा नट सोडवता येतो. ब्रेक दाबायला बायकोला गाडीवर बसवलं. नट दोन झटक्यांत सुटला. मॅग्नेट मात्र हललं नाही. मिस्त्री न बघताच खरं बोलला होता, याचा मला आणखी राग आला.

आता माझी चूक सांगतो. मोटारीच्या बेअरिंगा ओढायचा तीन पायांचा पुलर माझ्याकडे आहे. त्याने मी हजार बेअरिंगा काढल्या असतील. तोच लावला. तीन पाय मॅग्नेटच्या कडेला अडकवले आणि पिळत गेलो. एक पाय सटकला आणि माझ्या अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं झालं. बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता." ऱ्हाऊ देणं माझ्या स्वभावात नाही, पण बसून विचार केला तेव्हा कळलं. चाक धरून बसलं होतं मध्यावर, आणि मी ओढत होतो कडेने. चाळीस वर्षं हात चालवूनही हत्यार चुकलं होतं. आणखी पिळलं असतं तर मॅग्नेट वाकून कायमचंच गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंचरला गेलो. एसटीने गेलो, दीड तास उभा राहून, हेही सांगून टाकतो. लेथवाल्याकडून बरोबर मापाचा पुलर करून आणला. तो चाकाच्या मधल्या आट्यांतच बसतो, आणि त्याचा बोल्ट क्रँकच्या टोकाला रेटत चाकाला बाहेर ओढतो.

बायको पुन्हा गाडीवर बसली, पाय ब्रेकवर. मी बोल्ट आवळत गेलो. पाना वाकायला आला तरी मॅग्नेट जागचं हललं नाही. आता बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका द्यायचा. चाकावर नाही, नेमका बोल्टवर. मी हातोडी उचलली.

"थांबा," ती म्हणाली. "पोराला उगं बोलला तुमी. मिस्त्रीला मीच सांगितलं व्हतं, निघत न्हाई म्हण म्हणून."

हातोडी तशीच वर राहिली. पंचेचाळीस वर्षं संसार केला, ही बाई माझ्याशी असं वागेल असं कधी वाटलं नव्हतं. मला फार लागलं ते.

"का?"

"तुमी पडला त्या दिवशी तुमच्या फोनवरनं कुणा परक्याचा आवाज आला. 'ह्यांच्या घरचं कोण हाय का?' म्हणला. पुढचं बोलायच्या आधी तो खोकला. तेवढ्यात माझं काय झालं ते तुमाला न्हाई कळायचं."

मी चिडून म्हणालो, "मग सोड ब्रेक. ऊठ. होऊ दे तुझ्या मनासारखं."

ती उठली नाही. पाय आणखी दाबून बसली. "आता न्हाई सोडत. लेथवाल्याकडं उभ्यानं जाऊन आलात. मारा."

मी मारला. एकच ठोका. टण्ण आवाज झाला आणि इतकी वर्षं चिकटून बसलेलं मॅग्नेट लटकन सैल झालं. मी ते दोन्ही हातांत धरून पोरासारखा हसलो. ती हसली नाही. गाडीवरून उतरली, वाकून आतली जागा नीट बघितली आणि म्हणाली, "कुठनं निघतं ते आता मलाबी कळलंय. परत पडलात तर मीच काढीन आन् हिरीत टाकीन." ती टाकेल, याबद्दल मला शंका नाही.

कॉइल मी दुपारभर बसून भरली. मुलाला फोन करून चुकलं म्हणालो.

आठवड्याने बोरीहून बोलावणं आलं. सकाळी किक मारली, दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. बायको चुलीपाशी होती, बाहेर आली नाही. मी कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, एकटाच निघालो. यापुढेही असाच जाणार आहे. मात्र बोरीत विहिरीपाशी गाडी लावल्यावर खिशातून फोन काढला. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

"पोचलो," मी म्हणालो.

"मी इचारलं का?" ती म्हणाली. पण पहिली रिंग पुरी वाजायच्या आत तिने फोन उचलला होता.