मँचेस्टरच्या पावसात भेटलेले धरणगावचे आबा

मंडळी, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज चैन पडणार नाही.

शनिवार-रविवार इथे मँचेस्टरला नुसता पाऊस. काल गुजराती लोकांचा मेळा भिजत पाहिला, आज आपल्या मराठी मंडळाचा महोत्सव. मंडपात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. आम्ही खानदेशातल्या चोपड्याचे, त्यामुळे घरी अहिराणीच.

फोन ठेवला तर शेजारच्या खुर्चीतले एक आजोबा माझ्याकडे बघत होते. डोळे भरलेले.

"कोनता गावनी शे तू, माय?"

"चोपडानी, आबा. तुम्ही?"

"धरणगाव." मग ते थांबलेच नाहीत. शेत, विहीर, गल्लीतली बठ्ठी, म्हणजे सगळी माणसं.

त्यांचा मुलगा चहा घेऊन आला. हळूच म्हणाला, "ताई, दोन वर्षांत पहिल्यांदा इतकं बोलले. आई गेल्यावर घर विकून यांना इकडे आणलं. पण घर विकल्याचं यांच्या लक्षातच राहत नाही. दर वेळी सांगितलं की नव्याने ऐकल्यासारखे रडतात."

निघताना मुलाने माझा नंबर घेतला. आबांनी माझा हात धरला. "दिवाईले गावले जाशी ना? माले बी घर लयी चाल." मलाही घरी घेऊन चल, म्हणत होते.

मुलाने मान खाली घातली. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो आबा, लयी जासू."

संध्याकाळी मुलाचा मेसेज आलाय. आबा बॅग भरून दाराशी बसलेत, जेवायलाही उठत नाहीत. चोपड्याची पोर कधी येणार, एवढंच विचारतात.

तासभर झाला, उत्तर लिहितेय आणि पुसतेय. तुम्ही काय लिहिलं असतं?