एका घरात दोन पत्ते

टपालकाकांचा पत्त्यावर जेवढा विश्वास होता, तेवढा माणसांवर नव्हता. माणूस थापा मारतो, पत्ता मारत नाही, असं ते म्हणत. उभा जन्म सायकलवरून पत्रं वाटण्यात गेला. अर्धवट पत्ते, चुकलेले पत्ते, पाण्याने फिसकटलेले पत्ते, सगळे त्यांनी हुडकून काढले होते. निवृत्त झाल्यावर मात्र हुडकायला काही उरलं नाही, आणि अशा रिकाम्या माणसाच्या घरात इंटरनेट आलं. मग काय विचारता!

जोडणी करायला आलेल्या कंपनीच्या मुलीने जाता जाता सांगितलं, की घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर आपणहून एक पत्ता देतो आणि तो अधूनमधून बदलतोही.

"बदलतो?" काका किंचाळलेच. "आणि पत्र टाकायचं कुठे?"

मुलगी हसून गेली. काकांना मात्र चैन पडेना. त्यांनी चष्मा चढवला, दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि एकेका यंत्राला हाताने कायमचा पत्ता देऊन टाकला. टीव्हीला एक, प्रिंटरला एक. ते दोघे त्यांच्या लेखी भाडेकरू. काकूंच्या टॅबला आणि स्वतःच्या फोनला मात्र त्यांनी मिळून पत्त्याचा एकच आकडा दिला. नवराबायको एका छपराखाली राहतात, त्यांचा पत्ता वेगळा कसा असेल? असं त्यांचं साधं गणित. वाचकहो, सगळी गोम इथेच आहे. पण काकांना हे कोण सांगणार?

आता काकूंचं ऐका. काकूंनी वर्षानुवर्षं एका कापडवाल्यासाठी घरी बसून शर्ट शिवले. त्यांच्या हातची कॉलर अशी बसायची, की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हायची. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, पायमशीन झेपेना, तेव्हा त्यांनी टॅबसमोर बसून दुपारचा शिवणवर्ग सुरू केला. "जन्मभर दुसऱ्याच्या मापाने शिवलं," त्या म्हणायच्या, "आता माझ्या मापाने शिकवते." गावोगावच्या बायका जमल्या. काकूंच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की काका बघतच राहिले.

बघत राहिले तिथवर ठीक होतं; ते बोलायलाही लागले. पहिल्याच दिवशी पाठीमागून पुढे वाकून त्यांनी एका बाईला कात्री कशी धरावी ते सांगितलं. जन्मात कात्री धरली होती ती दोरा तोडायला. काकूंनी त्यांना तिथल्या तिथे आतल्या खोलीत पिटाळलं आणि वर्गाच्या वेळी बाहेर यायचं नाही, अशी तंबी दिली.

काका वरमले, पण मन कुठलं राहतंय! त्यांनी एरवी बंद असलेलं फोनचं वायफाय लावलं, वर्गाचा दुवा हळूच त्यावर घेतला, आपला आवाज आणि चेहरा बंद ठेवला, आणि नावाच्या जागी नुसता एक ठिपका टाकला. काकूंना वाटलं, कुणी लाजाळू बाई आहे. "ठिपकाबाई, तुम्ही कधीतरी बोला हो," असं त्या आर्जवाने म्हणायच्या, आणि आत काका उशीत तोंड खुपसायचे.

आणि तेव्हापासूनच इंटरनेटने मान टाकली. काकू एवढं म्हणायच्या, "आता नीट बघा हं," की चित्र गोठायचं: कात्री वर, तोंड उघडं. आत काकांचंही चित्र अडकायचं. ते चिडून फोनचं वायफाय बंद करायचे, कारण काम नसताना ते चालू ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी नसता खर्च, धावत येऊन राऊटर बंद-चालू करायचे, वर्ग लगेच सुरळीत व्हायचा, आणि ते विजयी मुद्रेने आत जाऊन पुन्हा वायफाय लावायचे. मग पहिले पाढे पंचावन्न.

कंपनीची मुलगी दोनदा येऊन गेली. ती असली की काका तिच्या डोक्याशी उभे राहून व्याख्यान देत, फोनचं वायफाय बंदच राही, त्यामुळे सगळं झकास चाले. इकडे वर्गातल्या बायकांचा धीर सुटला. "बाई, उद्या पुन्हा अडकलं तर आम्ही दुसरीकडे नाव घालतो," असं त्यांनी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून काकूंच्या हातून सुईत दोरा जाईना. काकांनी मुलीला ऐन वर्गाच्या वेळी बोलावलं.

तिने सगळं तपासलं. कुठेच दोष नाही. ती दारात चपला घालू लागली, आणि काका निर्धास्त होऊन आत सटकले. दोनच मिनिटांत बाहेरून काकूंची हाक आली, "अहो!" त्या हाकेत रडू होतं. काकांनी फोन तसाच खिशात कोंबला आणि धूम ठोकली.

मुलगी एका पायात चप्पल घालूनच परतली. टॅबवर सूचना आली होती. "काका, हाच पत्ता दुसरं कुठलंतरी यंत्र वापरतंय. दोघांचा एकच पत्ता इथे चालत नाही."

"आमचा पत्ता? चोरला?" काकांचा पारा चढला. त्यांनी खिडकी उघडली आणि समोर कपडे वाळत घालणाऱ्या शेजाऱ्याकडे असं काही पाहिलं, की त्याच्या हातातला चिमटा खाली पडला. तेवढ्यात मुलीने टॅबचा हाताने दिलेला पत्ता काढून राऊटरला नवा देऊ दिला. चित्र हललं.

"हं," काकू डोळे पुसून म्हणाल्या, "कॉलरची उलटी बाजू वर घ्या."

"हं, कॉलरची उलटी बाजू वर घ्या," काकांचा खिसा म्हणाला.

काकूंनी नवऱ्याकडे पाहत सावकाश म्हटलं, "आता घट्ट दाबून धरा."

"आता घट्ट दाबून धरा," खिसा म्हणाला. काकांनी घट्ट दाबून धरला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"म्हणजे माझा वर्ग तुम्ही बुडवत होतात?" काकू म्हणाल्या. "आणि ती ठिपकाबाई..."

काकांनी खिशातला फोन बाहेर काढला. "तू कॉलर वळवतेस ना," ते कसेबसे म्हणाले, "मी कधी पाहिलंच नव्हतं गं. तू शिवायचीस तेव्हा मी लोकांची घरं शोधत फिरायचो."

मुलगी उगाच दुसरी चप्पल शोधू लागली. काकूंनी पायाने एक स्टूल आपल्या शेजारी ओढलं.

"बसा. शेजारच्या खोलीतल्या बायकोला बघायला पत्ता कशाला लागतो? आणि तोंड उघडलंत तर पुन्हा आत."

काकांनी फोन बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसले. वर्गातल्या एका बाईने विचारलं, "बाई, त्या ठिपकाबाई यादीतून गेल्या वाटतं? कंटाळल्या बिचाऱ्या."

"गेल्या नाहीत," काकू कात्री उचलत म्हणाल्या, "जवळ येऊन बसल्यात."