मूळ आडनाव

माझं आडनाव इंग्रजी आहे आणि मी नगरची आहे. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांचं पाकीट मारलंय. ते आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीही शोधायला बसाल.

मी स्वतः चिकार वेळा शोधलंय. या आडनावाचा एक क्रिकेट अंपायर होऊन गेला, आणि एक खुनीही. ऑस्ट्रेलियात या नावाचं एक गाव आहे, तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. कॅनडात एक नदी आहे. धातू किती ताण सोसतो याबद्दलचा एक नियमही आहे. पुण्यात मेकॅनिकलला असताना तो शिकवायच्या दिवशी सरांनी हजेरी घेताना विचारलं, "काय हो, हा तुमच्या पणजोबांचा का?" वर्ग हसला, मीही हसले. आता मी फ्रँकफर्टजवळ एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत काम करते आणि जर्मन सहकारीही हाच विनोद करतात, फक्त त्यांना तो करायला दोन मीटिंगा लागतात.

माझ्या खऱ्या पणजोबांनी कसलाही नियम शोधला नाही. दुष्काळात ते मिशनच्या अनाथाश्रमात आले. आईबाप कोण, गाव कोणतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. रजिस्टरात रकाना रिकामा राहू नये म्हणून तिथल्या इंग्रज डॉक्टरीणबाईंचं आडनाव लिहिलं गेलं. पुढे ते कंपाउंडर झाले. मरेपर्यंत त्यांनी हीच सही केली, आणि सही फार सुरेख होती म्हणतात.

म्हणजे त्याआधीचं आडनाव आमच्याकडे नाहीच. पण आपल्या लोकांना ते पटत नाही. "ते ठीक आहे हो, पण मूळ आडनाव काय?" हा प्रश्न मला पंचवीस वर्षं विचारला जातोय, आणि त्यात विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. हॉस्टेलला निघताना आईने शिकवून ठेवलं होतं, कुणी फारच खोदून विचारलं तर शेजारच्या सरांचं आडनाव सांग, मिटवून टाक. रूममेटच्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं. मी सांगितलं. बाईंचा चेहरा खुलला आणि त्यांनी माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. तो मी खाल्ला. चांगला होता, म्हणून तर अजून राग येतो.

गेल्या वर्षी आमच्या घरमालकाला त्याचं घर स्वतःसाठी हवं झालं. नोटिशीतले दोन महिने शोधण्यात गेले, एक उरला. आम्ही दोघीच, मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी; तिचंही आडनाव जन्मापासून माझंच. तिची शाळा चालत दहा मिनिटांवर, तिच्या मैत्रिणी त्याच गल्लीत. तेवढ्यात मराठी ग्रुपवर कळलं की शाळेच्या मागच्याच रस्त्यावरचे एक काका-काकू रिटायर होऊन पुण्याला परत चाललेत. इथे जाणारा भाडेकरू आपल्या जागी कुणाचं तरी नाव सुचवतो आणि मालक बहुधा ते मान्य करतो. मी मेसेज टाकला. काकांचं लगेच उत्तर आलं, रविवारी चहाला सगळे या.

घर सुंदर होतं. बाल्कनीतून शाळेचं मैदान दिसत होतं आणि मुलीने मनातल्या मनात आपली खोली ठरवूनही टाकली होती, हे मला तिच्या चालण्यावरून कळलं. काकूंनी साबुदाणावडे केले होते.

"तिखट अगदी कमी घातलंय हो. त्यांना चालेल ना?"

"कुणाला?"

"तुमच्या मिस्टरांना. गाडी लावताहेत का?"

काका मागच्या खोलीतून चांगला शर्ट घालून आले. त्यांनी इंग्रज जावयाशी बोलायची तयारी केली होती बिचाऱ्यांनी. मी सांगितलं की मिस्टर नाहीत, घटस्फोट झालाय, आणि ते इंग्रज नव्हते, सांगलीचे होते. आडनाव माझं आहे. वडिलांचं.

काका बसले. "अच्छा. म्हणजे ख्रिश्चन."

"हो."

"नाही, आमचं तसं काही नाही. सगळे सारखेच. पण मूळ आडनाव काय तुमचं?"

"हेच."

"हे झालं मिशनचं. त्याच्या आधीचं?"

शेजारच्या सरांचं आडनाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. खोटं कशाला बोलू, आलं होतं. घर हवं होतं मला. पण माझी मुलगी वडा हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिला मराठी बोलता येत नसलं तरी कळतं सगळं.

"आधीचं नाही," मी म्हटलं. "काका, माझ्या पणजोबांना त्यांच्या आईचं नाव माहीत नव्हतं. तुम्ही कुठवर खोदणार आहात?"

काकू स्वयंपाकघरात गेल्या. काका म्हणाले, "अहो, सहज विचारलं. बघू, कळवतो मी." मी उरलेला वडा संपवला आणि मिरची हवी होती एवढं सांगून उठले.

जिन्यात मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, सांगून टाकायचंस ना काहीतरी एक नाव. आपल्याला घर हवंय."

"मी सांगितलं की मग तुलाही तेच सांगत फिरावं लागेल," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. तिच्यावर नव्हता, पण तिला तसंच वाटलं असणार.

त्या घराची मालकीण तळमजल्यावर राहत होती. काकांच्या कळवण्याची वाट बघायची नाही असं ठरवून मी तिची बेल दाबली आणि नाव सांगितलं.

"आल्झो, म्हणजे त्या इंग्लिश बाई तुम्ही! वरच्यांनी सांगितलं होतं."

"भारतातली आहे. आडनाव मात्र हेच."

तिचाही चेहरा जरा उतरला. माझ्या आडनावाने एका रविवारात दोन माणसांची निराशा केली. "खूप तळता का तुम्ही?" तिने विचारलं.

"तळते. आणि खिडकी उघडते."

ती हसली नाही. पण एक छापील कागद आणि पेन तिने आणून दिलं. भाडेकरूची सगळी माहिती, घरात राहणाऱ्या प्रत्येकाची वेगळी ओळ. एका रकान्यात आडनाव, पुढच्यात जन्माच्या वेळचं आडनाव, लग्नानंतर बदलणाऱ्यांसाठी. मी भिंतीला कागद टेकवून माझी ओळ भरली.

ते घर आम्हाला मिळालं नाही. काकांनी सुचवलेल्या कुटुंबाला मिळालं. आम्ही आता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो, लिफ्ट नाही, आणि मुलगी दोन गाड्या बदलून शाळेत जाते. ती थकून येते तेव्हा मला वाईट वाटतं, फार वाटतं. तरीही पुन्हा कुणी विचारलं तर मी हेच सांगणार आहे.

कारण त्या दिवशी माझी ओळ भरून झाल्यावर मी पेन मुलीकडे दिलं. तिने कागद गुडघ्यावर घेतला आणि पायरीवर बसली. पहिल्या रकान्यात आमचं आडनाव लिहिलं, दुसऱ्यातही तेच लिहिलं, पहिल्याहून ठळक. इथे काय लिहू, असं तिने मला विचारलं नाही.