आईचा पब

अजूनही दुपारी कधी डोळा लागला की मला तो पब दिसतो. खिडकीतल्या लाल-निळ्या दिव्यांच्या पाट्यांमधून आलेलं ऊन जमिनीवर पसरलेलं असतं, त्यात धूळ संथ तरंगत असते, कोणीतरी पत्ते पिसत असतं. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी माझी आई बसलेली असते, साडीवर माझा जुना स्वेटर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. झोपेत मला यात काहीही वावगं वाटत नाही.

जागेपणी मात्र वाटलं होतं, आणि चांगलंच.

अमेरिकेत, नोव्हाय शहराच्या पश्चिमेला एक चिमुकलं गाव होतं. एक चर्च, एक पोस्ट ऑफिस, एक चौक आणि चौकात तो पब. गावाला लागून सफरचंदांची बाग होती. ती तोडून तिथे एकमेकांना चिकटलेली टाउनहाउस बांधली, आणि त्यातल्या एकात आम्ही नवरा-बायको राहायला गेलो. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर. दर शुक्रवारी ऑफिसातल्या दोघातिघांबरोबर त्या पबमध्ये एक बिअर घ्यायची, घरी जाताना गाडीत मूठभर बडीशेप खायची, असा माझा नेम होता.

२००५ च्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली आणि बडीशेपेचं प्रमाण वाढलं. कारण माझी आई साधीसुधी आई नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात तिने दारूचं दुकान बंद पाडलं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर पुरेशा बायकांनी शिक्के मारले की दुकानाला कुलूप. निवृत्त शिक्षिका असलेली माझी आई महिनाभर घरोघर फिरली आणि बाटली आडवी करूनच थांबली. अशा बाईला मी शुक्रवारी ‘मीटिंग आहे’ असं सांगायचो.

आम्ही दोघं दिवसभर कामावर. आई एकटी. टीव्ही तिला आवडत नसे, शेजारी दिसत नसत. मग ती चालायला जायला लागली. हरवलीच तर असावा म्हणून मी तिच्या पर्समध्ये पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवला. दुपारी काय केलंस असं विचारलं की ती म्हणायची, ‘फिरून आले जरा.’ मला बरं वाटायचं. जास्त खोलात मी कधी गेलो नाही.

सप्टेंबरमध्ये तिला सर्दी झाली आणि ती दोन दिवस घरातच होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर फोनच्या मशीनवर निरोपाचा दिवा लुकलुकत होता; आई इथला फोन कधी उचलत नसे. बटण दाबलं. आवाज पबवाल्या बाईंचा होता. सत्तरीच्या, भरड्या आवाजाच्या, शुक्रवारी मला न विचारता माझी बिअर पुढे सरकवणाऱ्या. त्यांनी इंग्लिशमध्ये एकच वाक्य ठेवलं होतं: आज दिसली नाहीस, म्हणून केला.

आपलं बिंग फुटलं, या भीतीने मी आईकडे पाहिलं. आईचाही चेहरा पडला होता. तो निरोप तिच्यासाठी होता.

एवढं झाल्यावर तिने सगळं सांगितलं. पबच्या दाराशी चर्चमधून आणलेला एक जुना लाकडी बाक होता. जूनमध्ये एकदा ऊन लागलं म्हणून ती त्यावर टेकली. बाईंनी तिला आत नेऊन गरम पाण्यात लिंबू पिळून दिलं. दुसऱ्या दिवशी ही आभार मानायला गेली. मग रोजच. चार म्हातारे तिथे पत्ते खेळायचे. त्यांना तिने बदाम सात शिकवला होता, त्याला भाषा लागत नाही. कोणी यायचा चुकला तर बाई त्याच्या घरी फोन करायच्या आणि तेच वाक्य म्हणायच्या. आईने आपल्या पर्समधला कागद त्यांना देऊन टाकला होता.

मीही मग माझ्या शुक्रवारांची कबुली दिली. ती म्हणाली, ‘बडीशेपेचा वास मला पहिल्याच आठवड्यात आला होता.’

त्याच महिन्यात पबच्या दारावर नोटीस लागली. बाई पब चालवायच्या, पण जमीन दुसऱ्याची. तो मालक वारला, आणि वारसांनी ती एका बिल्डरला द्यायचं ठरवलं. पब पाडून तिथेही टाउनहाउस होणार होती. त्यासाठी गावाच्या मंडळाची परवानगी लागायची, म्हणून काउंटरवर विरोधाचा अर्ज ठेवला होता आणि सारं गाव त्यावर सह्या करत होतं. आईची सही होती, मराठीत, फळ्यावरच्या तिच्या अक्षरासारखी वळणदार. माझी नव्हती. ग्रीन कार्डचं काम चालू होतं, कशाला नसती भानगड, असं मी बायकोला सांगत होतो. शिवाय मी तोडलेल्या बागेवरच्या घरात राहत होतो. कोणत्या तोंडाने सही करायची?

ऑक्टोबरात सुनावणी झाली. मेपलची लाल पानं सभागृहाच्या दारापर्यंत उडत आली होती. ज्याला बोलायचं असेल त्याला तीन मिनिटं. चार म्हातारे बोलले, पोस्टातली बाई बोलली. मग आई उठली आणि मला म्हणाली, ‘चल, तू इंग्लिशमध्ये सांग.’ मला उठावंच लागलं.

‘माझ्या गावातलं दुकान मी बंद पाडलं,’ आई म्हणाली, ‘आणि त्याचं मला आजही समाधान आहे. तिथून माणसं घरी जाऊन बायकांना मारायची. इथे माणसं एकमेकांची वाट बघतात. एखादा आला नाही तर त्याला फोन जातो. मलाही आला होता. गावी माझी अशी वाट बघणारं आता कोणी नाही.’

मी एकेक वाक्य इंग्लिशमध्ये सांगत गेलो. शेवटचं मात्र गाळलं. वेळ संपला म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. घड्याळात अजून मिनिटभर बाकी होतं.

मंडळाने बिल्डरला परवानगी दिली. आई नोव्हेंबरात परत गेली. निघताना तिने पबवाल्या बाईंना आपला स्वेटर दिला, म्हणजे माझा. मार्चमध्ये पब पाडला. घरं मात्र झालीच नाहीत. आधी बिल्डर रेंगाळला, मग घरांचा बाजारच बसला. २००८ साली तिथे कमरेएवढं गवत होतं आणि धुक्याच्या सकाळी त्यात हरणं उभी असायची. मी गाडी हळू करून बघायचो.

आईला मी दर रविवारी फोन करायचो. अशाच एका रविवारी तिने विचारलं, ती मंडळी आता कुठे बसतात? मी म्हटलं, घरीच, आपापल्या.

‘आणि कोणी दिसलं नाही, तर फोन कोण करतं?’

मागे तिच्या रिकाम्या घरातला पंखा ऐकू येत होता. मग तिने हवापाणी विचारलं आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी ऑफिसला निघताना मी गाडीची किल्ली खाली ठेवली आणि गावी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. रविवार नसताना फोन आला म्हणून ती घाबरली.

‘काय झालं रे?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘आज दिसली नाहीस, म्हणून केला.’