भोपळे उपटून कापूस पेरलेलं बेट

श्रावणात पूर्णेच्या बेटावर निघालो, तेव्हा आईनं आधी देवापुढे दिवा लावला, मग दशम्या बांधून दिल्या. धाकटी बहीण यमुना तिथे दिलेली. पहिलटकरीण, आठवा महिना. पूर यायच्या आत तिला बाळंतपणासाठी अमरावतीस आणायची होती.

कोणी जाणार असाल तर गाडी आधीच ठरवा. कापसाच्या भावानं गाडीवानांची मान अशी ताठली आहे, की माणसं न्यायला त्यांना कमीपणा वाटतो. मूर्तिजापूरला दुसऱ्या दिवशी पोचलो, तिथून काळ्या चिखलात नदी गाठायला आणखी एक दिवस लागला. वाटेत भाकर-ठेचा मिळतो, पण ठेचा बेतानं खा. पाणी कमरेएवढंच होतं, चालत पार झालो.

बेटावर पंधरा घरं. पूर आला की बाजेखाली वाळलेले भोपळे बांधायचे आणि म्हातारी-पोरं त्यावर बसवून काठाला ओढायची, ही इथली रीत. पण कापूस महागला तसे या शहाण्यांनी भोपळ्याचे वेल उपटून परसातही कापूसच पेरला!

“मंग पूर आला तं काय करता?” मी यमुनेच्या नवऱ्याला विचारलं.

“पूर का दरसाल येते?”

“येते ना,” आतून त्याची आई म्हणाली. “याले तेवढा दिसत नाई.”

सकाळी पाणी अंगणात होतं. साऱ्या बेटावर यमुनेच्या म्हाताऱ्या सासूनं छपरावर हट्टानं राखलेला एकच वेल, त्याचे भोपळे एका बाजेपुरते.

“सुनेले बसवा,” ती म्हणाली.

“आन् तुमी, आत्याबाई?” यमुना रडायला लागली.

“काहून रडून राह्यली? मी का मेली? बस!”

पोहणाऱ्यांनी बाज ओढली. मी मदतीच्या नावाखाली एका भोपळ्याला चिकटून होतो. दुपारपर्यंत त्याच बाजेवर पंधरा घरं काठाला आली. म्हातारी शेवटच्या खेपेला, शेजाऱ्यांना शिव्या घालत. कापूस मात्र पाण्याखाली गेला.

अमरावतीत यमुनेला मुलगी झाली. पाणी ओसरताच सासरचे बेटावर परतले होते. आई अडून बसली, पाठवायची नाही म्हणून.

“तिथं पाणी डोयानं दिसते, आई,” यमुना म्हणाली. “इथं नुसता इचार करूनच जीव जाते.”

माघात मीच तिला पोचवून आलो. तेव्हा मला तो तिचा वेडेपणा वाटला होता. आता पुन्हा पावसाळा लागला आहे. शाळेत पोरांना पाढे सांगता सांगता पूर्णेच्या बाजूला ढग दिसले, की माझाच पाढा चुकतो.